क्रमशः : एक लांब कादंबरी महिन्यामहिन्याने वाचताना

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर 'व्हिक्टोरियन कादंबरी' असा लिहिला आहे. तो वाचून दोघातिघांनी मला दारातच विचारलं, सर, इंग्रजी कादंबरीचं शिर्डीत काय काम? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तो शब्द सोडवून घेऊ. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती. त्या काळात लिहिली गेली ती व्हिक्टोरियन कादंबरी. आता बघा, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' कधीची? १८९० ते १८९३. म्हणजे तीही त्याच राणीच्या राज्यातली. आणि ती जशी छापली गेली, जशी वाचली गेली, ती पद्धतही तीच, तुकड्यातुकड्याने. शेवटी 'क्रमशः' किंवा 'पुढे चालू', आणि मग वाट पाहायची.

मला आज बोलायचं आहे ते या वाट पाहण्याबद्दल. लोकांना वाटतं, दोन हप्त्यांमधला काळ म्हणजे वाचनातला खोळंबा. मी म्हणतो, लांब कादंबरीचं निम्मं वाचन त्या काळातच होतं, आणि चार माणसं एकत्र वाचत असतील तर निम्म्याहून जास्त.

आधी थोडा इतिहास. एप्रिल १८३६ मध्ये लंडनला डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'चा पहिला भाग निघाला. चोवीस पानं, हिरवट कागदी वेष्टन, आत चित्रं, किंमत एक शिलिंग. त्या वेळी तीन खंडांची नवी कादंबरी विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग मोजावे लागत. तेवढे पैसे एकदम कारकुनाकडे, दुकानदाराकडे कुठून असणार? महिन्याला एक शिलिंग मात्र तो काढू शकत होता. हप्त्याने फ्रिज घेतो तसंच हे. पहिल्या भागाच्या जेमतेम हजार प्रती छापल्या होत्या. चौथ्या भागात सॅम वेलर नावाचा बोलका नोकर आला, लोकांना तो भयंकर आवडला, आणि पुस्तक संपेपर्यंत खप चाळीस हजारांवर गेला. डिकन्सने ते पाहिलं आणि सॅमला पुढे मोठी जागा दिली. लेखक लिहितो आहे आणि वाचक वाचतो आहे, दोघं एकाच महिन्यात जगताहेत, असा हा प्रकार. मे १८३७ मध्ये डिकन्सची तरुण मेव्हणी वारली. त्याच्या हातून लिहिणं झालं नाही आणि जूनचा भाग निघालाच नाही. गंमत म्हणजे त्याच जूनमध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली. व्हिक्टोरियन युगाच्या पहिल्या महिन्यात त्या युगाची सगळ्यात गाजलेली मालिका बंद होती!

आपल्याकडे हे लोण यायला फार वेळ लागला नाही. १८६७ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झालं आणि त्यातून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८८५ मध्ये हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 'पुणे वैभव' पत्रातून आली. तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचं वाचन होतं. डिकन्सपेक्षाही रेनॉल्ड्स आपल्याकडे जास्त वाचला जाई, हे आज इंग्रजीच्या प्राध्यापकांनाही सांगावं लागतं. आणि १८९० मध्ये हरिभाऊंनी स्वतःचं साप्ताहिकच काढलं, 'करमणूक'. ते त्यांनी १९१७ पर्यंत चालवलं. दर आठवड्याला त्या पत्राचं पोट भरायचं म्हणजे केवढं काम, कल्पना करा. त्यांच्या काही कादंबऱ्या त्यामुळे अपुऱ्याच राहिल्या. 'कर्मयोग' त्यांतलीच एक.

आता शिर्डीकडे येतो, कारण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी एक 'क्रमशः' आलेला ग्रंथ घरात सांभाळून ठेवला आहे आणि तो तसा आला होता हे त्यांच्या ध्यानात नसेल. 'श्री साईसच्चरित'. गोविंद रघुनाथ दाभोळकरांचा, म्हणजे हेमाडपंतांचा. नऊ हजारांहून जास्त ओव्या. आज आपण तो जाडजूड ग्रंथ चौरंगावर ठेवतो, पण १९२३ मध्ये 'श्रीसाईलीला' मासिक निघालं आणि त्यातून हे अध्याय थोडेथोडे करून वाचकांच्या हाती जात होते. १९२९ मध्ये दाभोळकर गेले. अवतरणिकेचा शेवटचा अध्याय बा. वि. देवांनी लिहून ग्रंथ पुरा केला. म्हणजे त्या काळचा जो भक्त-वाचक मुंबईत टपालाची वाट पाहत होता, त्याचा अनुभव आणि श्रावणातल्या पारायणात सात दिवसांत ग्रंथ पुरा करणाऱ्याचा अनुभव, हे दोन निराळे अनुभव आहेत. शब्द तेच, पण वाचनाचा काळ वेगळा.

पोथी आणि कादंबरी यांच्यातला फरकही इथे सांगून टाकतो, कारण आमच्या वाचनात तो पहिल्याच दिवशी आडवा आला. झालं असं, की शिर्डी-राहाता-कोपरगाव भागातली आम्ही काही मंडळी, बहुतेक निवृत्त, काही घरचा व्याप सांभाळून येणाऱ्या बायका, दोन-तीन तरुण, महिन्यातून एकदा जमून 'पण लक्षात कोण घेतो?' वाचायचं असं ठरवलं. शिर्डीत वार ठरवणं हेच मोठं काम. गुरुवारी पालखी, शनिवार-रविवारी गर्दी, जोडून सुट्टी आली की लॉजवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. शेवटी महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपारी चार ते सहा ठरला. मोठ्याने वाचायचं काम ज्यांना पारायणाची सवय आहे अशा बायकांकडे गेलं. काय सुंदर वाचतात! आवाज एका लयीत, एकही शब्द गिळलेला नाही. पण अर्धा तास झाला आणि एक बाई थांबून म्हणाल्या, "सर, हे पोथीसारखं वाचता येत नाही. मध्येच राग येतो."

फार मोलाचं बोलल्या त्या. पोथी वाचताना शेवट सगळ्यांना माहीत असतो. वाचनाचं मोल वाचन पुरं करण्यात, संकल्प पाळण्यात आहे. एखाद्या अध्यायातल्या माणसाचं चुकलं की बरोबर, हे मतदानाला टाकायचं नसतं. कादंबरीत मात्र दर चार पानांनी तुम्हाला निकाल द्यावा लागतो. हा माणूस कसा आहे? ही खरं बोलते का? यांनी असं का केलं? आणि हप्ता संपला की तो निकाल घेऊन तुम्ही घरी जाता, महिनाभर तो उराशी बाळगता, भाजी निवडताना, दुकानात बसल्या बसल्या तो तुमच्याबरोबर असतो. पुढच्या महिन्यात लेखक तो मोडतो. एका बैठकीत पुस्तक संपवणाऱ्याला ही मोडतोड जाणवत नाही. त्याचं मत बनायच्या आतच पान उलटलेलं असतं. जे मत घट्ट झालंच नाही, ते बदललं म्हणण्यात काय अर्थ?

यमुनेची कथा तुम्हाला ठाऊक आहे. ती स्वतःच सांगते आहे. लहानपण, लग्न, मग रघुनाथरावांसारखा शिकलेला, मायाळू नवरा. तो तिला लिहाय-वाचायला शिकवतो, मुंबईचे ते सुखाचे दिवस. आणि मग नवऱ्याचा मृत्यू, सासरची माणसं, शंकरमामंजी, केशवपन. मराठी वाचकाला हा शेवट शीर्षकासारखाच पाठ आहे. तरीही महिन्यामहिन्याने वाचताना काय होतं पाहा. मुंबईचे दिवस आमच्या वाट्याला पूर्ण दोन महिने आले. दोन महिने आमची मंडळी रघुनाथरावांवर खूश होती. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं" हे वाक्य मी निदान पाच वेळा ऐकलं. पुढच्या हप्त्यात रघुनाथराव गेले आणि त्यानंतरच्या बैठकीत यमुनेचं काय होतं ते वाचून झालं, तेव्हा खोलीत कुणी बोलेना. मग एक तरुण मुलगी म्हणाली, "त्यांनी तिला वाचायला शिकवलं, पण ते गेल्यावर तिच्या हातात काय राहिलं? त्यांचा चांगुलपणा त्यांच्याबरोबरच गेला ना!"

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी आयुष्यभर हक्क आणि कृपा यांतला फरक वर्गात शिकवला. तो एवढ्या स्वच्छपणे फळ्यावर मला मांडता आला होता की नाही, शंका आहे. एखादा भला माणूस आपल्याशी भलेपणाने वागतो, ही कृपा. तो नसतानाही जे आपल्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, तो हक्क. यमुनेला पहिली भरपूर मिळाली आणि दुसरा मिळालाच नाही. "भाग्य लागतं" म्हणणाऱ्यांना दोन महिन्यांपूर्वीचं स्वतःचं वाक्य आठवलं. ते आठवायला मध्ये दोन महिने जावे लागले होते.

दुसरा वाद शंकरमामंजींवरून झाला. इतका दांभिक आणि इतका निर्दय माणूस, की सगळा राग त्याच्यावर काढून मोकळं व्हावं. पण मागचे हप्ते डोक्यात होते. त्यामुळे कुणीतरी विचारलं, त्या दिवशी घरात बाकीचे कोण होते? ते काय करत होते? मग उलटं मोजणं सुरू झालं. कुठल्या हप्त्यात कोण गप्प बसलं, कुणी "असंच असतं" म्हटलं, कुणी डोळे पुसले आणि आत निघून गेलं. खलनायक एक असतो, पण त्याला जागा करून देणारे पुष्कळ असतात. शीर्षकातला प्रश्न शंकरमामंजींना विचारलेला नाही. तो या बाकीच्यांना आहे, आणि साप्ताहिक वाचणाऱ्यालाही.

१८९० च्या त्या वाचकाच्या भोवती काय चाललं होतं ते आता बघा, म्हणजे 'क्रमशः'ची ताकद कळेल. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं म्हणाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंडिता रमाबाईंचं शारदासदन मुंबईहून पुण्याला आलं. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा केलं, आणि त्यावरून पुण्यात टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला, असा रणसंग्राम पेटला होता. 'करमणूक' दर आठवड्याला याच शहरातून निघत होती. म्हणजे वाचक आठवडाभर सभा ऐकतो, 'केसरी' वाचतो, 'सुधारक' वाचतो, चिडतो, आणि मग 'करमणूक' उघडतो. तिथे वाद नाही. तिथे एक मुलगी स्वतःच्या आवाजात सांगते आहे की काल घरात काय झालं. आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्या गोदूबाईंशी, एका बालविधवेशी, लग्न केलं. त्याच वर्षी कादंबरी पुरी झाली. कादंबरीमुळे हे घडलं असं मी मुळीच म्हणणार नाही. कारण आणि योगायोग यांची गल्लत करू नये एवढं तर्कशास्त्र मी शिकलो आहे. पण पुस्तकातला काळ आणि रस्त्यावरचा काळ एकत्र चालत होते, एवढं खरं. दोन हप्त्यांच्या मधली जागा रिकामी नव्हती, तिथे खरं पुणं होतं.

दहा महिन्यांत आमची यमुना संपली. मग मंडळीच म्हणाली, आता एक विलायतेतलं घ्या. मी 'मिडलमार्च' सुचवलं. लेखिका जॉर्ज एलियट, हे तिचं पुरुषी टोपणनाव. या बाईने कादंबऱ्या लिहिण्याआधी स्पिनोझाचं 'नीतिशास्त्र' इंग्रजीत उतरवलं होतं, म्हणून आमच्या विषयाच्या लोकांना ती जवळची. कादंबरी तीन खंडांत मावेना, तेव्हा डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ असे तिचे आठ भाग काढले, आधी दोन-दोन महिन्यांनी, शेवटी महिन्याला एक. आम्हीही आठ बैठका ठरवल्या. इंग्रजीची सवय सगळ्यांना नव्हती, म्हणून कथा मी मराठीतून सांगत असे आणि महत्त्वाचे उतारे तिथल्या तिथे उलगडून देत असे. यात बरंच निसटतं. पण कीर्तनकार तरी दुसरं काय करतो?

त्यात डोरोथिया नावाची तरुण, ध्येयवेडी मुलगी कॅसॉबन नावाच्या वयस्क पंडिताशी लग्न करते. हा गृहस्थ जगातल्या सगळ्या पुराणकथांची किल्ली शोधणारा एक महाग्रंथ लिहितो आहे, म्हणजे लिहिणार आहे, म्हणजे टिपणं काढतो आहे. आमची मंडळी दोन महिने त्याला खदाखदा हसली. चाळीस वर्षं टिपणं काढलेल्या माणसाला त्या हसण्यात सामील होणं जरा जड जात होतं, पण ते असो. तिसऱ्या भागात एलियट अचानक कथा थांबवते. डोरोथियाचंच का सांगत बसायचं असं स्वतःलाच विचारते आणि कॅसॉबनच्या आत शिरते. त्याची भीती, त्याला आतून कळलेलं त्याचं अपयश. स्पिनोझा म्हणतो, माणसाच्या विकारांकडे भूमितीतल्या रेषा आणि आकृत्यांकडे बघतो तसं बघावं. ते सूत्र त्या प्रकरणात हाडामांसाचं होतं. दोन महिने हसून झाल्यावर हे वाचलं, त्यामुळे मंडळी ओशाळली. ते पान पहिल्याच महिन्यात आलं असतं तर कुणी ओशाळलं नसतं.

पण खरा दणका पाचव्या भागात बसला. कॅसॉबन मरतो आणि मृत्युपत्राला जोडलेली एक पुरवणी उघड होते: डोरोथियाने अमुक एका माणसाशी लग्न केलं तर माझ्या मालमत्तेतलं तिला काही मिळणार नाही. इंग्लंडातल्या वाचकाला हा कोतेपणा लाजिरवाणा वाटावा अशीच ती रचना आहे. आमच्यात कोपरगावच्या कोर्टात हयात घालवलेले एक गृहस्थ आहेत, एरवी फार बोलत नाहीत. ते पुढच्या महिन्यात १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचा कागद घेऊन आले. तो कायदा आपण सुधारणेचा मैलाचा दगड म्हणून शाळेत शिकतो, आणि तो आहेच. पण त्याचं दुसरं कलम त्यांनी वाचून दाखवलं. विधवेने पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू त्या दिवशी तीच मेली, आणि मालमत्ता नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे गेली. कॅसॉबनने एका बाईसाठी, एका माणसापुरतं, गुपचूप जे लिहून ठेवलं, ते आपल्याकडे प्रत्येक विधवेसाठी, कुठल्याही माणसाशी लग्न केलं तरी, उघड कायद्यात होतं. त्या कादंबरीच्या सोळा वर्षं आधीपासून. हा कायदा कागदोपत्री रद्द झाला १९८३ मध्ये. आमच्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं त्याच्या आधीची.

मग यमुना परत आली. कुणीतरी म्हणालं, समजा रघुनाथराव गेल्यावर तिच्याशी लग्न करायला कुणी तयार झालाच असता, तरी ती घरातून काय घेऊन निघाली असती? दोन कादंबऱ्या आमच्या त्या खोलीत एकमेकींशी बोलायला लागल्या. हे मी योजलेलं नव्हतं. मी एकट्याने 'मिडलमार्च' तीनदा वाचली आहे, आणि त्या कलमाची आठवण मला कधी झाली नव्हती. ज्याने जन्मभर वारसाहक्काचे दावे पाहिले त्यालाच ती व्हायची, आणि तीही महिनाभर घरी बसून विचार केल्यावर. डोरोथिया पुढे काय करते ते सांगत नाही. तुम्हाला वाचायचं आहे.

आता प्रश्न घेऊ.

एकांनी विचारलं आहे, मालिकांमध्ये रोजच 'क्रमशः' असतं, मग वेगळं काय? हो, असतं. पण चोवीस तासांत पुढचा भाग येतो, तेवढ्यात मत बनत नाही, फक्त उत्सुकता ताणली जाते. शिवाय घरातले चौघं हल्ली चार मोबाइलवर चार गोष्टी पाहतात. त्यांचं एकमेकांशी भांडण कशावरून होणार?

दुसरा प्रश्न, सुरुवात किती पानांनी करावी? महिन्याला साठ-सत्तर पानांपेक्षा जास्त नको. हप्ता नेहमी अशा ठिकाणी तोडा की काहीतरी ठरायचं बाकी आहे. प्रकरण संपतं तिथेच थांबलं पाहिजे असं नाही. पात्रांची नावं आणि नाती एका कागदावर लिहून सगळ्यांना द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात लोक "हा कोण?" विचारत बसतात. आणि चहा शेवटी द्या, मध्ये दिलात तर चर्चा तिथेच संपते.

शेवटचा प्रश्न, कुणी घरी पुढचं वाचून आलं तर? येणारच. आमच्याकडे दोघं होते, एक आजोबा आणि एक कॉलेजातली मुलगी. त्यांना बाहेर काढलं नाही. उलट दर बैठकीच्या सुरुवातीला आतापर्यंतची कथा सांगायचं काम त्यांच्याकडे दिलं. अट एकच, पुढचं माहीत आहे हे चेहऱ्यावर दिसता कामा नये. आजोबांना ते शेवटपर्यंत जमलं नाही, शंकरमामंजींचं नाव आलं की त्यांचा आवाजच बदलायचा आणि मंडळी ओळखायची. मुलीला मात्र उत्तम जमलं.